दोन मण पाच शेरांच्या वर

त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही. वजन सांगितलं.

"एक मण बारा शेर. फ्लायवेट," वखारीच्या काट्यामागून ते म्हणाले. "तेच्या खाली वजनच नाय रे झिला. जरा जेवत जा."

मी सरपण न्यायला गेलो होतो. शेजारी दोन बायका उभ्या होत्या, त्या हसल्या. मला राग आला आणि मी सरळ मोठ्या काट्याच्या पारड्यात जाऊन बसलो. त्यांनी शांतपणे दुसऱ्या पारड्यात वजनं ठेवली. आधी मण, मग दहा शेर, मग दोन शेर. काटा मध्यावर येऊन थांबला. आपला अंदाज बरोबर आला याचा आनंद वगैरे त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसला नाही. "उतर आता," ते म्हणाले, "मागे माणसा खोळंबली आसत."

ही वखार घाटकोपरला, आमच्या चाळीच्या मागच्या अंगाला होती. लाकूड आणि कोळसा. ते तिथे तोलणारे. वय पन्नाशीचं, अंगाने किडकिडीत, खाकी अर्धी चड्डी आणि कोळशाने कायमचा काळा पडलेला गंजीफ्रॉक. सगळे त्यांना पैलवान म्हणत, अर्थात थट्टेने. मी काका म्हणायचो. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी बोटीवर खलाशी होते आणि त्या नोकरीतून त्यांनी दोनच गोष्टी घरी आणल्या होत्या. पाय फाकवून चालायची सवय आणि बॉक्सिंगचं वेड.

वेड म्हणजे खेळायचं नव्हे. त्यांनी कधी कुणावर हात उगारला असेल असं मला वाटत नाही. त्यांचं वेड ऐकण्याचं, विचारण्याचं आणि लक्षात ठेवण्याचं होतं. त्यातही फक्त हेवीवेटचं. गल्लीत नवा माणूस आला की ते त्याला डोळ्यांनी तोलत. "दोन मण पाच शेरांच्या वर गेलो की हेवी," हे त्यांचं रोजचं वाक्य. आमच्या गल्लीत हेवी दोनच होते, एक मिठाईवाला आणि एक शाळेतल्या बाई. बाईंना त्यांनी ही गोष्ट मोठ्या मानाने सांगितली, आणि बाईंनी त्या दिवसापासून सरपण दुसऱ्या वखारीतून आणायला सुरुवात केली. आपलं काय चुकलं हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला तेव्हा ते म्हणाले, "अरे, हेवी म्हटलां मी. हलकी म्हटलां काय?"

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. वडील कारखान्यात हेल्पर, आईला सही येत नाही. त्यामुळे मला इंग्रजी येतं असं चाळीने ठरवून टाकलं होतं. फक्त मला त्याची खात्री नव्हती. काकांनी मला हेरलं ते यामुळेच. वखारीत पुड्या बांधायला इंग्रजी वर्तमानपत्रांची रद्दी येई, आणि त्यांचे बोटीवरचे जुने सोबती अधूनमधून परदेशी मासिकं आणून देत. त्यातली खेळाची पानं ते बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात साठवत. रविवारी दुपारी वखार बंद असली की मी कोळशाच्या पोत्यांवर बसून, मांडीवर शब्दकोश घेऊन, ती त्यांना वाचून दाखवायचो.

पण वाचायची पद्धत त्यांची. जगज्जेतेपदाची लढत वर मोठ्या अक्षरांत, फोटोसकट छापलेली असे. ती वाचायची नाही. खाली बारीक अक्षरांत, त्याच संध्याकाळी आधी झालेल्या चार-पाच किरकोळ लढतींची यादी असे, तिथून सुरुवात करायची. कुणी कुणाला कितव्या फेरीत हरवलं. नावं अशी की मला उच्चारताही येत नसत. ते डोळे मिटून ऐकत. मी मोठ्या लढतीपाशी पोचलो की ते हात वर करत.

"पुरे. पुढचा सगळ्यांका म्हायत आसा."

मी एकदा विचारलं, असं का? ते म्हणाले, "तू दशावतार बघलस?" मी नव्हता पाहिला. मग त्यांनी सांगितलं की मुख्य आख्यानाआधी आडदशावतार होतो. गणपती येतो, संकासुर येऊन माणसांना हसवतो. शहाणी माणसं तोवर घरी जेवत बसतात आणि खरा राजा आला की मग येतात. "पण तो राजाच आधी कधीतरी आडदशावतारात होतो ना रे? तेव्हा तेका कोण बघूक नव्हता. चांपियन झालेल्याक सगळेच बघतत. तो चांपियन होवचो आसा ह्या कोणाक म्हायत नसताना बघूक व्हया."

हे मला पटायचं आणि नाहीही पटायचं. कारण त्यांचं लक्ष खरं तर पुढे जगज्जेता झालेल्या माणसावर नसायचंच. ते विचारत, "चौथी लढत कोणाशी? तो पुढे काय झालो?" चौथ्या लढतीत हरलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे कुठल्या कागदात असणार? मी म्हणायचो, माहीत नाही. ते मान हलवत, जणू मी अभ्यास करून आलो नव्हतो.

भिकाजीची गोष्ट मी किती वेळा ऐकली ते सांगता येणार नाही.

भिकाजी त्यांचा गाववाला आणि बोटीवरचा सोबती. बॉयलरसाठी कोळसा ओढायचा. सव्वादोन मण. अमेरिकेतल्या एका बंदरात बोट लागली होती. तिथल्या एका हॉलमध्ये लढती होत्या, आणि पहिल्याच लढतीतला एक गडी आजारी पडला, म्हणून हॉलवाल्यांचा माणूस धक्क्यावर कुणी दांडगा मिळतो का बघत फिरत होता. भिकाजी बोटीवर कोळसा ओढताना त्याला खालून दिसला. समोरचा पोरगा नवखा, कुणाला ठाऊक नसलेला. तोच पुढे जगज्जेता झाला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. पुढे जे झालं त्यानंतर ते लिहायचा मला धीर होत नाही.

काका ती लढत कोळशाच्या पोत्याशी करून दाखवत. चार फेऱ्या. पहिलीत दोघं नुसते फिरले. दुसरीत काका एकदम खाली वाकत. "भिकाजीचो डावो हात. असो खालसून इलो. आणि तो मेलो बसलो! जेवूक पाटार बसतत तसो बसलो. पंच मोजता, एक, दोन, तीन... आठार उठलो." तिसरीत भिकाजीचा डोळा बंद झाला, चौथीत तो गुणांवर हरला.

वखारीचे शेठ गल्ल्यावरून ओरडत, "काय पैलवान, भिकाजी आज पन हारला?"

"हरलो शेठ. पण उभो रवान हरलो."

ते इतकं बारकाईने सांगत की हॉलमधली धुराची वळी मला दिसत. ते स्वतः कुठे बसले होते हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नाही.

भिकाजी पुढे बोटीवरच तापाने गेला. त्याची बायको मरोळला एका वाडीत खोली घेऊन राहायची आणि लोकांचे मसाले कुटून द्यायची. महिन्यातून एकदा काका असल्फ्याच्या टेकडीवरून चालत तिच्याकडे जात. माझं कॉलेज अंधेरीला, रस्ता तोच, म्हणून मी पुष्कळदा बरोबर असायचो. वहिनी तोंडाच्या फटकळ. काकांना दारात बघितलं की म्हणत, "येवा भावोजी. आज कोण पडलो तां आधी सांगून टाका, मगे चाय." भिंतीवर भिकाजीचा फोटो होता. फोटोतला माणूस खरोखरच दारापेक्षा रुंद दिसत होता.

एका वर्षी भिकाजीच्या म्हाळाला, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाला, आम्ही गेलो होतो. भिकाजीचा धाकटा भाऊ आला होता, गिरणीत कामाला असलेला. काकांनी पानावर बसल्या बसल्या दुसरी फेरी सुरू केली, तसा तो वडा मोडता मोडता हसला.

"कसलो बॉक्सर घेऊन बसलास? दादा घरच्या कोंब्याक घाबरायचो. तुम्ही सांगतास आणि ही वयनी ऐकता."

काकांचा हात थांबला. "आणि छापलेला दाखवलंय तर?"

"दाखवा. पुढच्या म्हाळाक दाखवा. नायतर ह्यो गजाली बंद करा. मेलेल्या माणसाची थट्टा होता."

"कागद कित्याक?" वहिनी पटकन म्हणाल्या. "माका नको कागद. भावोजी, तुम्ही जेवा."

मला तेव्हा वाटलं, त्या भिडेपोटी म्हणताहेत.

परतताना काका टेकडी नेहमीपेक्षा भरभर चढले. वर आल्यावर म्हणाले, "तुझ्या कॉलेजात पुस्तका आसत ना? शोध. नाय गावला तर मी परत मरोळाक पाय ठेवचंय नाय."

मी हो म्हटलं. नाही म्हणता आलं नाही.

आमच्या कॉलेजच्या जिमखान्याच्या सरांकडे एक कपाट होतं, आणि त्यात बॉक्सिंगची जाडजूड नोंदबुकं होती. मोठ्या मुष्टियोद्ध्यांची पहिल्यापासूनची प्रत्येक लढत त्यात दिलेली. हे मला कळायलाच सात-आठ महिने लागले, कारण सरांशी बोलायचं धाडस होत नव्हतं. शेवटी विचारलं. सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तू? बॉक्सिंग?" मी म्हणालो, "ओळखीच्या एका गृहस्थांसाठी हवंय, सर." ते म्हणाले, "इथेच बसून बघ. पुस्तक कपाटाबाहेर जाणार नाही."

जगज्जेत्याचं पान सापडलं. मी बोट ठेवून खाली खाली आलो. सातवी लढत. तेच बंदर. समोर हिंदुस्थानी नाव. मला इतका आनंद झाला की मी ते नाव दोनदा वाचलं तरी ते काय आहे हे ध्यानात येईना.

ते काकांचं नाव होतं. त्यांचं, वडिलांचं, आडनाव, कागदपत्रांवर असतं तसं पूर्ण. आणि त्यापुढे निकाल. पहिल्याच फेरीत बाद.

मी वहीच्या पानावर ती ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली. त्या दिवशी मरोळवरून जाताना वहिनींच्या वाडीकडे पाहिलंही नाही. डोक्यात नुसता गोंधळ. काका लढले? पण काका म्हणजे एक मण अठ्ठावीस शेर, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. हेवीवेटला त्यांना कोण उभं करेल? आणि लढले असते तर भिकाजीचं नाव का घेतलं असतं?

वखारीत गिऱ्हाईक नव्हतं. मी कागद पुढे केला. त्यांना इंग्रजी अक्षरं लावता येत. ते बोट ठेवून वाचत गेले आणि आपल्या नावापाशी थांबले.

"ह्या माझा नाव."

"हो काका."

"पण मी थय नव्हतंय."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. त्या बंदरात सगळ्या खलाशांना एकदम उतरू देत नसत. दिवसाला ठरलेले पास. भिकाजी सारंगाशी, म्हणजे खलाशांच्या मुकादमाशी, भांडला होता, म्हणून त्याला पास नव्हता. काकांना होता. पासावर फोटो नसे, नुसतं नाव. काकांनी आपला पास त्याला दिला. हॉलवाल्यांनी पासावरचं नाव लिहून घेतलं असणार, हे काकांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"तेका लढूचा होता," काका म्हणाले. "माका नुसता बघूचा होता. म्हणान दिलंय. मी बोटीर बटाटे सोलीत बसललंय. दुसऱ्या दिवशी कोळसो ओढता ओढता तेना माका चारय फेऱ्यो सांगल्यान."

त्यांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. "पयलीच फेरी?"

"पुस्तकात तसं आहे."

"पयलीच?"

ते उठले, काट्याजवळची वजनं लहान-मोठी अशी ओळीने लावू लागले. ती आधीच ओळीत होती. "मगे चार फेऱ्यो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतकी वर्सां मी खयच्यो सांगतंय?"

तेव्हा मी एक गोष्ट बोललो, ती लिहिताना मला अजून लाज वाटते. मी म्हणालो, "काका, मरोळला कुणालाच इंग्रजी येत नाही. मी भिकाजीकाकांचं नाव वाचलं आणि चार फेऱ्या म्हटल्या, तर कुणाला कळणार आहे?"

ते रागावले नाहीत. "भिकाजीच्या म्हाळाक खोटा वाचशीत? जां लिवलेला आसा तांच वाच."

पुढच्या पितृपक्षात आम्ही गेलो. टेकडीवर ते दोनदा थांबले, एकदा चप्पल नीट करायला आणि एकदा उगाच. वहिनींच्या खोलीत धाकटा भाऊ आधीच येऊन बसला होता. त्याने पहिलं तेच विचारलं, "इलो काय कागद?"

मी कागद काढला. आधी जगज्जेत्याचं नाव वाचलं. मग बंदराचं. मग काकांचं पूर्ण नाव.

मग भाऊ मांडीवर थाप मारून हसला. "म्हणजे दादा नव्हतोच! पैलवान, तुम्हीच? अहो, तुम्ही तर वाऱ्यान उडतलास!"

"भिकाजीच होतो," काका म्हणाले. "पास माझो होतो." आणि त्यांनी पासाची हकिकत सांगितली. आपण हॉलमध्ये नव्हतो, बोटीवर होतो, हेसुद्धा सांगितलं. इतक्या वर्षांची गोष्ट त्यांनी चार वाक्यांत संपवली.

"आणि फेऱ्यो किती?" भावाने मला विचारलं.

मी काकांकडे पाहिलं. काकाच म्हणाले, "एक. पयल्या फेरीत आडवो."

"बघ वयनी!" भाऊ म्हणाला. "मी काय सांगी होतंय?"

वहिनी चुलीपाशी वडे तळत होत्या. झारा तसाच हातात धरून त्या वळल्या. "काय बघू? त्या पुस्तकात माणूसच चुकलो. नाव एकाचा आणि मार खाल्लो दुसऱ्यान. जेका माणूस लिवता येत नाय, तेना फेरी बरोबर लिवली कशावरून?"

मी अजूनही कधी कधी या वाक्यावर विचार करतो आणि माझा निकाल लागत नाही. काकांनी मात्र मान वर केली. दारातून उजेड आल्यावर माणूस बघतो तसं ते वहिनींकडे बघत राहिले.

"कशावरून?" त्यांनी स्वतःशीच म्हटलं. नंतर पानावर बसून ते पोटभर जेवले. खीर दोनदा घेतली.

निघताना काका हौदावर पाय धूत होते. वहिनींनी माझ्या हातातला कागद मागून घेतला, त्याची चौकोनी घडी घातली आणि भिकाजीच्या फोटोच्या मागे खोचली.

"त्यावर काकांचं नाव आहे," मी म्हणालो. मला वाटलं, त्या विसरल्या.

"आसांदे," त्या म्हणाल्या. मग भिकाजीच्या फोटोकडे बघत आवाज खाली आणला. "तुका एक सांगतंय, तेंका सांगू नको. ह्यांचा पत्र इलेला तेव्हाच. गावात मास्तरान वाचून दाखवलेल्यान. लिवलेला, एका फटक्यात आडवो झालंय. पण दोस्ताक तसा सांगलंय नाय. तेना आपलो पास दिलो, तेका जमिनीक पाय लावूक मिळाले नाय. तेका परत येवन एक फटको सांगू? म्हणान चार फेऱ्यो सांगलंय."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"तू शिकलेलो मा रे? मगे गप रव."

पण मला कळेना की मी नक्की काय शोधून आणलं होतं. भिकाजीने काकांसाठी चार फेऱ्या रचल्या. काका त्या वहिनींना सांगत राहिले, त्यांना बरं वाटावं म्हणून. वहिनी त्या ऐकत राहिल्या, काकांना बरं वाटावं म्हणून. या सगळ्यात खरी ओळ एकच होती, ती मी आणली होती, आणि तिच्यातलं नाव खोटं होतं.

काका आता गावी गेले आहेत. वखारीत नवा तोलणारा आहे. तो कुणाचं वजन सांगत नाही. यापुढे मण-शेर जाऊन किलो येणार म्हणतात. त्यात हेवीची हद्द कुठे पडेल, हे मी गणित करून ठेवलं आहे. त्यांना पत्रातून कळवावं की नाही, हे ठरत नाही.

म्हाळाच्या त्या दिवशी मरोळहून परतताना ऊन कललं होतं. असल्फ्याच्या टेकडीवर ते एका दगडावर बसले आणि मी न विचारताच बोलू लागले. मला वाटलं, लढत सांगतील. पण त्यांनी त्याच्या आधीपासून सुरुवात केली. बोट धक्क्याला लागली ती सकाळ. थंडी. शिडीपाशी उभा असलेला भिकाजी, अंगात काकांचाच कोट, जो त्याच्या पाठीवर अर्धा उसवला होता. काकांनी खिशातून पास काढला, एकदा त्यावरचं आपलं नाव वाचलं आणि त्याच्या हातात दिला. भिकाजी शिडी उतरला. खाली पोचल्यावर त्याने वळून हात केला. धक्क्यावर गर्दी होती, पण तो सगळ्यांत रुंद, म्हणून बराच वेळ दिसत राहिला. एका गोदामाच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत.

हे त्यांनी स्वतः पाहिलेलं होतं. पोत्याशिवाय, हात न हलवता सांगितलं आणि थांबले.

मी विचारलं, "आणि पुढे, काका?"

त्यांनी नेहमीसारखा हात वर केला.

"पुरे," ते म्हणाले. "पुढचा सगळ्यांका म्हायत आसा."